दान राजाचे, धान्य रयतेचे

१८५५ च्या ऑक्टोबरात मद्रास इलाख्यातली दोन घराणी एकाच महिन्यात निर्वारस झाली. ७ तारखेला कर्नाटकचे नवाब गुलाम घौस खान वारले. २९ तारखेला तंजावरचे शिवाजीराजे भोसले, म्हणजे दुसऱ्या सरफोजींचे चिरंजीव, निवर्तले. दोघांच्याही पोटी मुलगा नव्हता आणि डलहौसीच्या राजवटीत त्याचा अर्थ काय, हे साऱ्या हिंदुस्थानला एव्हाना ठाऊक झाले होते. कंपनीने दोन्ही गाद्या मोडीत काढल्या. नवाबांचा मद्रासमधला चेपॉकचा वाडा सरकारी कचेऱ्यांकडे गेला, तंजावरच्या जामदारखान्याला सील लागले.

गाद्या गेल्या, पण या घराण्यांकडून लोकांनी धरलेली अपेक्षा गेली नाही. रामेश्वरचा यात्रेकरू तंजावरच्या छत्रात जेवायला येतच राहिला, ट्रिप्लिकेनच्या वालाजाही मशिदीत रमजानच्या संध्याकाळी रोजेकरी जमतच राहिले. सत्ता नसलेल्या, तनख्यावर जगणाऱ्या, तरीही वाड्यात राहणाऱ्या माणसांकडून समाज काय मागतो, का मागतो आणि मागण्याचा त्याला हक्क आहे का, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे. हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. ब्रिटनचे राजकुटुंब इस्पितळाच्या कोनशिला बसवते, शेकडो धर्मादाय संस्थांना आपले नाव देते आणि त्याच वेळी त्याच्या महालांच्या दुरुस्तीचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, यावर तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आहेत. मला मात्र या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्पष्ट रूप कावेरीच्या खोऱ्यात दिसते. ते आपल्या भाषेत, मोडी कागदांवर लिहिलेले आहे, आणि तरीही मराठी वाचकाला त्याची फारशी ओळख नाही.

दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले. तुळजाजीराजांनी मरणापूर्वी घेतलेला हा दत्तक मुलगा. चुलते अमरसिंग यांनी त्याचा हक्क नाकारून गादी घेतली, तेव्हा जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्याला आपल्या छायेत घेतले. तंजावरात जिवाला धोका म्हणून १७९३ मध्ये तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मुलाला मद्रासेत आणले गेले. या शहरात गेरिके या पाद्र्याने त्याला शिकवले. इंग्रजी, शास्त्रे, युरोपचा इतिहास, सारे त्याने इथे घेतले. राज्य मिळाले तेही मद्रास सरकारच्या हातून, आणि दीड वर्षाच्या आत त्याची किंमत मोजावी लागली. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी सगळा मुलूख कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला आणि लगतचा थोडा भाग उरला. बदल्यात दरसाल एक लाख स्टार पॅगोडा आणि मुलखाच्या निव्वळ महसुलाचा एक पंचमांश त्यांना मिळायचा होता.

या तहातले हे शेवटचे कलम वाचकाने नीट लक्षात ठेवावे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. राजाला न्याय करायचा नाही, फौज ठेवायची नाही, सारा ठरवायचा नाही. पण शेतकऱ्याच्या साऱ्यातला पाचवा हिस्सा त्याच्याकडे येत राहणार. मग राजा म्हणून त्याने करायचे तरी काय? सरफोजींनी या प्रश्नाचे उत्तर तेहतीस वर्षे दिले. त्यांनी ग्रंथ जमवले, छापखाना घातला, नवविद्या कलानिधी शाळा चालवली, धन्वंतरी महालात वैद्य आणि डॉक्टर एकत्र बसवले. डोळ्यांच्या रोग्यांवर केलेल्या उपचारांची टिपणे तिथे ठेवली जात. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी अलीकडे त्यांचा अभ्यास केला आहे. आणि सरफोजींनी छत्रे चालवली.

छत्र म्हणजे तंजावरच्या मराठीत अन्नछत्र आणि धर्मशाळा दोन्ही. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर भोसल्यांच्या अनेक पिढ्यांनी, बहुतेक राण्यांच्या नावाने, ही छत्रे बांधली आणि प्रत्येकाला गावे नेमून दिली. तहानंतर ही गावे कंपनीच्या हाती जाऊन छत्रे बंद पडतील अशी धास्ती सरफोजींना वाटली. १८०१ च्या जानेवारीत त्यांनी रेसिडेंट टॉरिन यांना एक लांब पत्र लिहिले आणि छत्रात काय काय होते ते कलमवार सांगितले. चेन्नईच्या सेंटर फॉर पॉलिसी स्टडीज या संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अन्नं बहु कुर्वीत’ या ग्रंथामुळे हे पत्र आजच्या वाचकांपर्यंत पोहोचले. मी ते अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी त्यातल्या तपशिलापाशी थांबलो आहे.

ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, फकीर, जो वाटसरू येईल त्याला शिजवलेला भात. ज्याला दुसऱ्याच्या हातचे चालत नाही त्याला कोरडा शिधा, मसाल्यासकट. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालायचे. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा की, कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे, अन्न तयार आहे. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचे जेवण, बरा होईपर्यंत. तान्ह्या मुलांना दूध. छत्रात बाळंत होणाऱ्या बाईचा सगळा खर्च आणि नंतर तीन महिने राहण्याची मुभा. परगावचा कोणी छत्रात मेला तर त्याच्या पोरक्या मुलांना तिथल्या पंतोजीच्या स्वाधीन करायचे, दिवसातून तीनदा जेवू घालायचे, दर चौथ्या दिवशी तेल लावून न्हाऊ घालायचे, आणि त्यांना जी विद्या आवडेल ती शिकवायची.

परक्या पोरक्या पोराच्या डोक्याला दर चौथ्या दिवशी तेल लागले पाहिजे, हा नियम कोणी केला असेल? फर्मान काढणाऱ्याला तो सुचत नाही. ज्याने किंवा जिने मूल वाढवले आहे त्याचाच तो विचार. छत्रे राण्यांच्या नावाने होती, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ओरत्तनाडचे मोठे छत्र तर सरफोजींनी मुक्तांबाळ या त्यांच्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ १८०२ साली बांधले. ती विवाहित राणी नव्हती. दगडी जोत्यावर कोरलेले हत्ती आणि घोडे इमारतीला रथासारखे ओढत आहेत अशी तिची घडण आहे.

आता दुसरी बाजू. हा भात कोणाचा होता? तंजावर हे मद्रास इलाख्याचे भाताचे कोठार. कावेरी, वेण्णार आणि त्यांचे शेकडो फाटे यांच्या पाण्यावर तिथला कुळवाडी राबे, आणि त्याच्याही खाली पणैयाळ म्हणून बांधलेला शेतमजूर. छत्रात ज्याला भात मिळायचा त्या ‘परया’ने तो भात पिकवलेलाही होता. राजाच्या एक पंचमांशातून छत्रे चालली, तसे वाड्यावरचे हत्तीखाने, शिकारखाने, नाटकशाळा, गवई-नर्तकींचे मेळे, शेकडो आश्रितांची पंगत हेही चालले. सरफोजी १८२० च्या सुमारास काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर सुमारे तीन हजार माणसांचा तळ होता. वाटेत सढळ हाताने दानधर्म झाला, पण तीन हजारांचे ओझेही त्याच वाटेने चालले. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या आनंदाप्रीत्यर्थ समुद्रकाठी त्यांनी आठ मजली मनोरा उठवला. आज पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. मला त्याचे कौतुक वाटत नाही. ज्या तिजोरीतून मध्यरात्रीचा भात शिजला त्याच तिजोरीतून परक्यांच्या विजयाचा हा मनोरा झाला.

आपल्याकडे या वृत्तीला नेमकी म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. ती तंजावरपेक्षा मद्रासच्या नवाबाला अधिक लागू पडते. मुहम्मद अली वालाजाह १७६८ च्या सुमारास चेपॉकच्या नव्या वाड्यात राहू लागले, ते कर्जावर. सावकार होते कंपनीचेच नोकर, त्यांतला बडा पॉल बेनफिल्ड. १७७३ मध्ये नवाबाने कंपनीच्या फौजेकरवी तंजावर घेतले, तुळजाजीराजे कैदेत पडले, आणि तंजावरचा महसूल, शेतात उभे असलेले पीकसुद्धा, बेनफिल्डकडे गहाण पडले. १७७६ मध्ये गव्हर्नर पिगॉट यांनी विलायतेच्या हुकुमावरून राजाला राज्य परत दिले, तेव्हा बेनफिल्डचा पैसा बुडतो म्हणून मद्रासच्या कौन्सिलने आपल्याच गव्हर्नरला अटक केली. पिगॉट पुढच्या वर्षी कैदेतच मेले. याच नवाबाच्या कर्जांवर बर्क यांनी १७८५ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये आपले गाजलेले भाषण केले. आणि याच नवाबाच्या नावाने १७९५ ची ट्रिप्लिकेनची मशीद उभी आहे. तो उदार होता. दानपत्रे त्याने सर्व धर्मीयांना दिली. तंजावरच्या शेतकऱ्याला मात्र त्या औदार्याची किंमत विचारलीच गेली नाही.

राजाच्या दानाकडे पाहण्याची आपल्या लोकांची नजर भाबडी कधीच नव्हती. उदार झाला राजा आणि हाती दिला भोपळा, असे म्हणणारी ही रयत आहे. राजाने वाड्यात राहू नये असे तिने म्हटले नाही. पंगतीत शेवटचा माणूस जेवला की नाही एवढेच तिने पाहिले, आणि राजाने खर्च केला तो खासगीतला की दौलतीतला, हेही पाहिले. अहिल्याबाई होळकरांचे नाव काशीपासून रामेश्वरापर्यंत घेतले जाते, ते घाट आणि अन्नछत्रे बांधली म्हणून, पण तितकेच त्यांनी हा धर्मादाय आपल्या खासगीतून केला आणि स्वतः महेश्वरी साध्या वाड्यात राहिल्या म्हणून. खासगी आणि दौलत यांच्यामधली ही रेघ मराठी राज्यकारभाराने ओढलेली आहे. युरोपातल्या राजघराण्यांना ती ओढायला बराच काळ झगडावे लागले.

कोल्हापूरचे शाहू महाराज आणि बडोद्याचे सयाजीराव यांची नावे इथे वाचकाच्या मनात येतील. येणे स्वाभाविक आहे, पण त्यांची जात वेगळी. १९०२ चा राखीव जागांचा जाहीरनामा किंवा १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर लागू झालेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण हे दान नव्हे, कायदा आहे. त्या दोघांच्या हाती सत्ता होती आणि ती त्यांनी वापरली. लक्ष्मीविलास राजवाड्याचा थाट सयाजीरावांना कोणी विसरू दिला नाही, पण शाळेत जाणाऱ्या मुलाला तो थाट माफ करण्याची गरजही पडली नाही; त्याला मिळाले ते हक्काने मिळाले. सत्ता नसलेल्या राजाची अडचण अशी की तो हक्क देऊ शकत नाही, फक्त वस्तू देऊ शकतो. सरफोजी हे माझ्या मते आजच्या अर्थाने पहिले ‘आधुनिक’ राजे होते. तनखा घेणारे, मानमरातब असलेले, अधिकार नसलेले, आणि म्हणून आपल्या अस्तित्वाचे कारण रोज दानातून सिद्ध करायला बांधलेले.

खासगी कोणती आणि दौलत कोणती, या प्रश्नावर मद्रासच्या न्यायालयात जी लढाई झाली तिला या पुस्तकात मी सर्वांत अधिक पाने दिली आहेत. शिवाजीराजे गेल्यावर वर्षभराने, ऑक्टोबर १८५६ मध्ये, रेसिडेंट फोर्ब्स यांनी फौजेनिशी वाड्याचा ताबा घेतला. राज्य तर घेतलेच, पण दागिने, जमिनी, घरगुती जिंदगी हेही सारे सील केले. थोरल्या राणीसाहेब कामाक्षी अंबाबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. पडद्यातली एक विधवा, आणि समोर हिंदुस्थानची मालक कंपनी. त्यांचे वकील जॉन ब्रूस नॉर्टन. युक्तिवाद सरळ होता: राज्य गेले असेल, पण नवऱ्याची खासगी मिळकत धर्मशास्त्राप्रमाणे विधवेची. मद्रासच्या कोर्टाने हे मान्य केले. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेली आणि १८५९ मध्ये निकाल फिरला. हे ‘राज्यकृत्य’ आहे, न्याय्य की अन्याय्य हे कोर्टाने पाहायचेच नाही, असा तो निकाल. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून वाचतात. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मिळकत राण्यांना परत दिली, ती मेहेरबानी म्हणून.

राणीसाहेबांची बाजू न्याय्य होती यात मला शंका नाही. तरी या खटल्यात एक तिसरा पक्ष हजर असायला हवा होता. दागिने राणीचे की कंपनीचे, एवढाच वाद झाला. ज्या महसुलाच्या पाचव्या हिश्शातून ते घडले तो भरणाऱ्याचे त्यावर काही आहे का, हे कोणी विचारले नाही.

ते विचारणारे लोक पुढे सत्तर वर्षांनी आले. छत्रांची गावे सरकारजमा झाल्यावर त्यांचा कारभार जिल्हा बोर्डाकडे गेला. ओरत्तनाड आणि राजामडम इथल्या छत्रांतून विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालत, पण तिथे जेवायला बसत ती ब्राह्मण मुले. तिरुवैयारूच्या पाठशाळेत शिकवले जाई ते संस्कृत. १९२० च्या दशकात जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. छत्राचे उत्पन्न सर्वांच्या शेतातून येते तर पंगत एका जातीची का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी वसतिगृहे ब्राह्मणेतर मुलांना खुली केली आणि तिरुवैयारूला तमिळ विद्येला जागा दिली. काही मराठी लेखकांनी याकडे भोसल्यांच्या परंपरेवरचा घाला म्हणून पाहिले. मला ते पटत नाही. १८०१ च्या पत्रात सरफोजींनी जे लिहिले होते त्याच्याशी पन्नीरसेल्वम यांचा निर्णयच जास्त इमानी होता. मधल्या काळात आकसली होती ती पंगत.

तसेच तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचे. पोथ्या, नकाशे, लॅटिनपासून मोडीपर्यंतची पुस्तके ही सरफोजींची ऐषच म्हणायची, कारण विकत घेण्याइतका पैसा आणि वाचण्याइतकी फुरसत दोन्ही राजालाच. १९१८ मध्ये भोसले घराण्याने त्यावरचा आपला हक्क सोडला, देखभालीसाठी एक लाख रुपये दिले आणि ग्रंथालय सार्वजनिक झाले. आज घराण्याच्या वंशजांकडे ८८ देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आहे. बृहदीश्वराचे देऊळ त्यांत येते. त्याच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आपल्या भाषेतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक आहे. वाड्याचे वैभव संपले आहे. कुंभाभिषेकाच्या दिवशी मात्र लोक अजून राजालाच शोधतात.

चेन्नईत नवाबांच्या वंशजांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. गुलाम घौस यांचे चुलते अजीम जाह यांना व्हिक्टोरिया राणीने ‘प्रिन्स ऑफ अर्काट’ हा किताब आणि कायमचे वेतन दिले. रॉयपेट्ट्याचा अमीर महाल १८७६ पासून त्यांचे निवासस्थान. १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले, पण हे वेतन त्या यादीत नव्हते, म्हणून ते चालू राहिले आणि महालाची देखभालही सरकारकडे राहिली. लोकशाहीत हे का, असा प्रश्न चेन्नईत अधूनमधून उठतो, न्यायालयापर्यंतही गेला आहे. अमीर महालाकडून उत्तर येते ते धर्मादायाचे: मशिदी, दर्गे, मक्का-मदिनेतल्या यात्रेकरूंच्या निवासांची व्यवस्था, सर्वधर्मीयांना इफ्तारचे आमंत्रण. हे काम खरे आहे. पण काम चांगले आहे म्हणून विशेषाधिकार योग्य, हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. हिशेब मागितला की दान दाखवायचे, ही सवय सगळ्याच राजघराण्यांना जडली आहे.

याच वालाजाही मशिदीत रमजानमध्ये जे शेकडो लोक रोजा सोडतात, त्यांच्यासाठी जेवण रांधून आणतात सूफीदार ट्रस्टचे सिंधी हिंदू स्वयंसेवक. फाळणीत घरदार सोडून मद्रासला आलेल्या एका निर्वासिताने हे सुरू केले, आणि कित्येक दशके ते चालू आहे. डोक्यावर टोपी घालून ही माणसे स्वतः वाढतात. त्यांना किताब नाही, वेतन नाही. मद्रासच्या मराठी मंडळींनीही हेच केले. राजा नाही, सरकार आपले नाही, मग पोरांच्या शिक्षणाचे काय, म्हणून तंजावरकडच्या मराठी कुटुंबांनी १९१२ मध्ये मराठा एज्युकेशन फंड काढला. कारकून, वकील, शिक्षक यांनी आपल्या पगारातून गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. एका अर्थाने छत्राची परंपरा वाड्याने नव्हे, या माणसांनी चालवली.

पुढील प्रकरणांत मी सरफोजींना देव केलेले नाही, आणि त्यांना चैनी तनखेदार ठरवण्याचीही मला घाई नाही. त्यांनी जे दिले ते मोजायला हवे, आणि ते कोठून आले तेही. दोन्ही मोजता येण्यासारखे आहे, कारण तंजावरच्या दरबाराने शेराशेराचा हिशेब मोडीत लिहून ठेवला आहे. सरस्वती महालात ती दप्तरे रुमालांत बांधून आहेत, रेसिडेंटचा पत्रव्यवहार एग्मोरच्या अभिलेखागारात आहे. तमिळ विद्वानांनी त्यांतला काही भाग खपून वाचला आणि छापला, मराठी मातृभाषा नसताना. महाराष्ट्रात दर वर्षी मोडीचे वर्ग भरतात, परीक्षा होतात, शेकडो तरुण उत्तीर्ण होतात. त्यांच्यापैकी दहा-वीस जणांनी जरी तंजावरला जाऊन छत्रांच्या जमाखर्चाची दप्तरे वाचायला घेतली, तरी या पुस्तकात जे अर्धवट राहिले आहे ते पुरे होईल. त्यांना माझी हीच विनंती आहे.